नाक्यावरचा तवा

सकाळच्या खाण्याला मराठीत दोन शब्द आहेत. खेड्यात न्याहारी, शहरात नाश्ता. दोन्ही फारसीतून आले, आणि गंमत अशी की दोन्हींचा मूळ अर्थ खाणे असा नाहीच. फारसीत 'नहार' म्हणजे सकाळपासून ज्याच्या पोटात काही गेलेले नाही तो. 'नाश्ता' म्हणजेही तेच, अनशापोटी. शब्द भुकेचा होता, आपण तो पोह्यांच्या बशीला लावला. कविता लिहिणाऱ्या माणसाला अशा शब्दांचे कौतुक जरा जास्तच असते, ते सोडून द्या. पण बोईसरजवळच्या सरावलीच्या नाक्यावर सकाळी साडेसहाला उभे राहावे. शब्दाचा जुना अर्थ हातात हेल्मेट आणि खांद्यावर डब्याची पिशवी घेऊन समोर उभा असतो.

सरावली म्हणजे पालघर तालुक्यातली. भिवंडीजवळ आणखी एक सरावली आहे, तीही कारखान्यांच्याच शेजारची, ती वेगळी. आमच्या सरावलीला २०११ च्या जनगणनेने शहरात धरले, कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच होता. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या कुशीतली ही वस्ती. चाळी, भाड्याच्या खोल्या, एका खोलीत सहा-सहा माणसे. त्यातली तीन रात्रपाळीला गेली की उरलेली तीन झोपणार, असा हिशेब. अशा खोलीत चूल कधी पेटवायची आणि कुणी? म्हणून न्याहारी रस्त्यावर.

नाक्यावर चार-पाच गाड्या लागतात. मी ज्या गाडीवर जातो ती तीस वर्षांपूर्वीही जवळपास तिथेच होती. मालक मूळचा जौनपूरकडचा, आता त्याची मराठी पक्क्या वाडवळी वळणाची झाली आहे. मला तो 'शायरसाब' म्हणतो, मी त्याला 'मामू' म्हणतो. गाडीच्या मधोमध तवा. घरातल्या पोळीच्या तव्याशी याचे नाते फक्त नावाचे. दीड-दोन हात रुंद, जाड लोखंडी पत्र्याचा, कडा वर वळवलेल्या, मध्ये हलका खोलगट. वर्षानुवर्षांच्या तेलाने तो असा काळा तुळतुळीत झाला आहे की अंडे चिकटायची बिशाद नाही.

या तव्यावरचे काम नीट पाहण्यासारखे आहे. आच मधोमध असते, त्यामुळे मध्यभाग कडकडीत, त्याभोवतीचा पट्टा मध्यम, आणि कडेला नुसती ऊब. मामू मध्ये तेल सोडून कांदा टाकतो, मग मिरची, मग टोमॅटो, हळद, तिखट, मीठ. हा मसाला शिजला की कालथ्याने बाजूला सारतो. मोकळ्या जागेवर चार-सहा अंडी फुटतात. अंड्याचा पांढरा भाग साठ-पासष्ट अंशांपासून आवळायला लागतो, पिवळा त्यामागून. आणि तव्याचा मध्यभाग तर त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. म्हणजे हातात वेळ फक्त सेकंदांचा. तेवढ्यात बाजूचा मसाला पुन्हा आत ओढायचा, कालथ्याच्या धारेने खटाखट तोडायचा, आणि कोथिंबीर टाकून अर्धवट ओलसर असतानाच कडेला न्यायचा. मोकळ्या झालेल्या मसालेदार तेलावर पाव पालथे पडतात. एका तव्यावर भाजणे, शिजवणे आणि गरम ठेवणे तिन्ही एका वेळी चालू. भांडे दुसरे नाही, कारण धुवायला पाणी कुठे आहे? आणि गिऱ्हाइकाकडे वेळ कुठे आहे? सातच्या पाळीचा भोंगा कुणासाठी थांबत नाही.

'तवा' हा शब्दही मजेदार आहे. कुणी तो संस्कृतातल्या 'तप्'पासून आणतात, कुणी फारसीतल्या 'ताबा'पासून. भाषेचे जाणकार सांगतात की तापण्याचा तो फारसी धातू आणि आपला 'तप्' हे मुळात एकाच घरचे. म्हणजे भांडण मिटले. 'भुर्जी'चे मूळही संस्कृतातल्या भाजण्याच्या धातूशी जाते, ज्यातून आपले 'भाजणे' आले.

उघड्यावर, एका भांड्यात, सकाळीच भरपेट शिजवून खायचे, ही कल्पना काही आमच्याच नाक्यावर जन्मली नाही. अमेरिकेत अंगणात जाळीवर लोखंडी तवा ठेवून अंडी, बटाटे आणि मांस एकत्र परतायची हौस आहे. आज तो रविवारचा आनंद असला तरी त्यामागेही कष्टकरीच उभे आहेत. १८६६ साली टेक्सासात चार्ल्स गुडनाइट नावाच्या गुरांच्या व्यापाऱ्याने सैन्यातली जुनी गाडी बदलून तिच्यावर स्वयंपाकाचे कपाट बसवले. शेकडो मैल गुरे हाकत नेणाऱ्या माणसांना वाटेत खायला घालण्यासाठी ती चाकांवरची चूल होती. घर सोडून कामाला निघालेला माणूस, लोखंडी भांडे आणि उघडे आभाळ, एवढ्या तीन गोष्टी जमल्या की जगात कुठेही असले काहीतरी तयार होते.

आमच्या किनाऱ्यावर तर ते फार आधीपासून आहे. मांगेला, वाडवळ, कुणबी घरांत तांदळाची भाकरी ज्या तव्यावर भाजली त्याच तव्यावर कांदा-मिरची टाकून सुका जवळा परतायचा, आणि दोन्ही घेऊन खळ्यावर किंवा होडीवर जायचे. नीट पाहिले तर ही भुर्जीच. कांदा तोच, मिरची तीच, कालथ्याची खटखट तीच. जवळ्याच्या जागी अंडे आले इतकेच. हिवाळ्यात रायगडकडे पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, त्यात अंडीही, आणि मडके पालथे घालून भोवती जाळ. उत्तरेला वलसाडच्या हमरस्त्यावर उबाडियूची मडकी अशीच पेटलेली दिसतात, त्यांत पापडी, कंद, बटाटे. या दोघांच्या मधोमध आमचा जिल्हा. फरक एवढाच की पोपटीला शेताचा बांध लागतो, दोस्त लागतात आणि सगळी रात्र मोकळी लागते. पाळीवाल्याकडे यातले काही नाही.

आता तव्यावर काय काय पडते ते इतिहासाच्या अंगाने पाहू. कांदा आपल्याकडे फार जुना. पण मिरची आणि टोमॅटो दोन्ही अमेरिका खंडातले. कोलंबसाआधी आशियात ती कुणी पाहिली नव्हती, आणि ती इकडे पोचण्यात पोर्तुगीज जहाजांचा मोठा हात. पाव तर नावासकट त्यांचा. पोर्तुगीज भाषेत रोटीला जो शब्द आहे तोच आपण 'पाव' म्हणून उचलला, जसा 'बटाटा' उचलला. गोव्यात यीस्ट मिळेना तेव्हा माडाच्या ताडीने, म्हणजे सुरेने पीठ फुगवत. आमच्या भागात ताडा-माडांची कमी कधीच नव्हती.

आणि हे पोर्तुगीज आमच्या दारातच होते. तारापूरचा किल्ला त्यांचा. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने तो घेतला. बाजी भिवराव रेठरेकर तिथेच पडले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई आली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता संपली. सत्ता गेली, पाव राहिला. पण तो सरळ ताटात आला असे समजू नका. वसई भागात अजून सांगतात की गावच्या विहिरीत कुणी पाव टाकला, त्या विहिरीचे पाणी गाव प्याले, आणि गाव बाटले. ही लोककथा आहे, तिला कागदाचा पुरावा मागू नये. पण पावाच्या तुकड्यात माणसाची जात बुडवण्याइतकी ताकद आहे असे एके काळी लोकांना वाटत होते, एवढे तिच्यातून नक्की कळते.

हे फक्त खेड्यातल्या अडाण्यांचे खूळ होते असेही नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचे प्रकरण घडले. जमलेल्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. चहाच्या त्या पेल्यावरून पुण्यात वर्षानुवर्षे वाद चालला आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. तिथपासून मामूच्या गाडीपर्यंतचे अंतर मला नेहमी थक्क करते. सकाळी तिथे ओडिशाचा फिटर, विक्रमगडचा वारली पोरगा, साताऱ्याचा मराठा वॉचमन आणि मी असे एकाच तव्यावरचे खात असतो. फार भाबडेपणाही नको, तवा एक असला तरी प्रत्येकाची प्लेट वेगळी असते, आणि अमुक गाडीवर तमुक खात नाहीत हे आजही चालते. काही जण अंडे खाणाऱ्याला घर भाड्याने देत नाहीत. त्यांच्या इमारतीतली पोरे नाक्यावर येऊन खाऊन जातात आणि बडीशेप चघळत परत जातात.

अंड्याचे मूळ मात्र आपल्याच बाजूचे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आशियातला लाल रानकोंबडा. पण आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्यानेही तिच्यात वाटा घातला आहे. पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा गुण त्याच्याकडून आला, असे २००८ साली संशोधकांनी जनुके तपासून दाखवले. अंडी कांद्याबरोबर फोडून परतणे हेही जुने. इथून उत्तरेला संजाण, उदवाडा, मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्या, हा सगळा पारशी-इराण्यांचा प्रदेश, आणि त्यांची अकुरी प्रसिद्ध आहे. आमचे आजोळ सोलापूरकडचे. घरात दख्खनी बोलणे. अम्मी या पदार्थाला खागिना म्हणायची. फारसीत 'खाग' म्हणजे अंडे. मी बोईसरला आल्यावर गाडीवर पहिल्यांदा 'एक खागिना' असे मागितले तेव्हा मामूने मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "ये कौनसी कंपनी है?"

अम्मीचा खागिना महिन्यातून एखाद्या वेळचा होता. गावठी कोंबडी वर्षाला जेमतेम साठ-सत्तर अंडी देते आणि तीही पाहुणे, आजारी माणूस आणि बाजार यांच्यात वाटली जातात. अंडे कष्टकऱ्याची रोजची न्याहारी झाले ते अलीकडे. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे तिचे ठाणे पुण्याला झाले. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे पालन देशात पसरले. पण अंडी वाढली तसा भाव पडला, दलाल सांगेल त्या दराने शेतकरी माल देऊ लागला. त्यातून १९८२ साली राव यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, उभी राहिली, आणि शेतकरी स्वतः दर जाहीर करू लागले. दूरदर्शनवरच्या तिच्या जाहिराती आमच्या पिढीला अजून पाठ आहेत. अंडे आजारी माणसाच्या उशाजवळून उठून हातगाडीवर आले ते याच काळात.

आणि त्याच काळात आमच्या नाक्यावर माणसे आली. तारापूरचे अणुवीज केंद्र हे देशातले पहिले. अमेरिकन कंपन्यांच्या मदतीने ते बांधले गेले आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तिथली वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे. त्याची तारापूर वसाहत वाढत गेली तशी रसायने, रंग, औषधे, कापड, पोलाद असे सगळे आले. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगाव उताराला लागले. गिरणीत हजारो माणसे एका छपराखाली असत. त्यांना खानावळी होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, इतकी त्या खाण्यामागे व्यवस्था होती. नव्या औद्योगिक वसाहतींत कामगार आहेत पण विखुरलेले. शंभर इथे, दीडशे तिथे.

माझ्या मते नाक्यावरच्या तव्याचे खरे कारण इथे आहे, आणि ते चवीत सापडत नाही, कायद्याच्या पुस्तकात सापडते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ४६ सांगत होते की सरकारने नेमून दिलेल्या ज्या कारखान्यात अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे उपाहारगृह, म्हणजे कँटीन, चालवणे मालकाला भाग पाडता येईल. पुढचे ४७ वे कलम दीडशेहून जास्त कामगार असतील तिथे बसून डबा खायला खोली द्या म्हणत होते. त्याखाली काय? त्याखाली नाका.

मी बी.ए. झालो आणि नव्वदीच्या सुरुवातीला इथल्याच एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात लागलो. नाव सांगत नाही, तो कारखाना आता नाहीही. हजेरीपटावर आमचा आकडा दोनशे तीस-चाळीसच्या घरात असायचा. दिवाळीनंतर माणसे वाढली तरी तो दोनशे चाळीसच. वाढलेली माणसे ठेकेदाराच्या वहीत जात. गेटमधून आत येणारी डोकी मी रोज मोजत होतो, ती सव्वातीनशेच्या खाली क्वचितच असत. कायद्याच्या व्याख्येत १९७६ पासून ठेकेदाराचा माणूसही कामगारच. पण तपासायला येणाऱ्या साहेबांपुढे एकच वही ठेवली जाई, आणि साहेबही दुसरी मागत नसत. मी एकदा आमच्या कार्मिक अधिकाऱ्यांना विचारले, की साहेब, कँटीन का नाही? ते हसून म्हणाले, "शेखजी, कँटीन म्हणजे इमारत, भांडी, आचारी, कमिटी. आणि गेटबाहेर एवढी चांगली भुर्जी मिळते की!" मिळत होती हे खरे. पैसे मात्र कामगाराच्या खिशातले होते. अनेक जण पंधरवड्याची उधारी लिहून खात. पगाराच्या दिवशी गेटवर बायको उभी असायची तशी तव्यावाल्याची वहीही उभी असायची.

२०२० साली संसदेने जी कामाच्या सुरक्षिततेची आणि आरोग्याची नवी संहिता मंजूर केली तिच्यात कँटीनसाठी हा आकडा शंभरावर आणला आहे, आणि ठेकेदाराकडची माणसे धरून, असे स्पष्ट लिहिले आहे. ती संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झाली. आमच्या वेळी हे असते तर, असा विचार मनात येतोच. मामूला मी ही बातमी सांगितली. तो अंडी फोडत म्हणाला, "शायरसाब, कँटीन येऊ द्या. पण ती सहाला उघडणार की आठला?"

वाटसरूला खायला घालायचे कुणी, हा प्रश्न या किनाऱ्याला नवा नाही. तारापूरला लागून चिंचणी आहे. तिथे गेल्या शतकाच्या मध्यावर राष्ट्रकूटांच्या काळचे ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, इंद्र तिसरा याच्या काळातला. त्यात लिहिले आहे की या संयान मंडळाचा, म्हणजे संजाण प्रांताचा, कारभार राष्ट्रकूट राजाने एका ताजिकाकडे सोपवला होता. ताजिक म्हणजे अरब. नाव मधुमती. अभ्यासक सांगतात की हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप. त्याने दोन प्रवाहांवर फुकट नावा सुरू केल्या, आणि संयानात एक अन्नछत्र घातले. तिथे शाली तांदळाचा भात, कालवणे आणि तूप मोफत मिळे. त्याच्याच संमतीने तिथल्या ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला जमीन दिली गेली, तो हा दानपट.

हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून अंगणात फेऱ्या मारल्या. कारण मी मराठीत लिहितो म्हटल्यावर, "तुम्ही मूळचे कुठले?" असे आजही सभा-संमेलनांत विचारणारे भेटतात. त्यांना मी आता चिंचणीचे तांबे दाखवतो. पण माझ्या जिव्हाळ्याचा भाग सोडला तरी त्या ताम्रपटात एक गोष्ट आहे. बंदरावर उतरणारे लोक, व्यापारी, खलाशी, हमाल हे परके होते. त्यांच्या पोटाची सोय करणे हे कारभाऱ्याचे काम आहे असे त्या अधिकाऱ्याला वाटले, आणि ती गोष्ट त्याच्या पराक्रमाच्या ओळींबरोबर तांब्यावर कोरण्यासारखी आहे असेही लिहिणाऱ्याला वाटले. तिथे अडीचशेची अट नव्हती.

आमच्याही काळात सरकारने हा विचार अधूनमधून केला आहे. १९९५ ची एक रुपयातली झुणका-भाकर, २६ जानेवारी २०२० पासूनची दहा रुपयांची शिवभोजन थाळी. दोन्हींचा भर जेवणावर, पहाटेची पाळी त्यांत बसत नाही. आणि आमच्याच जिल्ह्याच्या पूर्वेला जव्हार-मोखाडा आहे, जिथे वावर-वांगणीचे बालमृत्यू १९९२ साली राज्यभर गाजले. २०१६ पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या अंगणवाडीच्या मुलांना अंडे किंवा केळे मिळू लागले. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडे आले, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी थांबवला. सरावलीच्या गाडीवरचा वारली पोरगा मोठा होऊन स्वतःच्या पैशाने अंडे खातो. ते त्याला जेव्हा सर्वांत जास्त हवे होते ते वय मागे गेलेले असते.

उघड्यावर शिजवलेले छान लागते म्हणतात, तर आमच्या उघड्या हवेबद्दलही सांगितले पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा क्रमांक पहिला होता. सकाळी तव्यावरच्या कांद्याच्या वासात दुसरा एक वास मिसळलेला असतो. जुना कामगार नाक वर करून कुठल्या प्लॉटमध्ये काय सोडले ते सांगतो. सांडपाणी नवापूरच्या बाजूला समुद्रात जाते, आणि त्याविरुद्ध मांगेला समाजाची परिषद हरित लवादापर्यंत गेली. खाडीतल्या म्हाताऱ्या कोळणी म्हणतात, जवळा पूर्वीसारखा मिळत नाही. ज्या तव्यावरून जवळा उतरला आणि अंडे चढले, त्यामागे कोंबडीच्या कर्तबगारीबरोबर हेही एक कारण असावे असे मला वाटते.

मामूच्या गाडीने आचेचे तीन प्रकार पाहिले. आधी दगडी कोळशाची भट्टी, जिला पेटायला अर्धा तास लागायचा, म्हणून तो चारला उठायचा. मग पंपाचा रॉकेलचा स्टो, ज्याची जात स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास निघाली आणि जिचा भर्रर आवाज आमच्या सगळ्या पिढीच्या कानात आहे. आता एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलिंडर. तवा मात्र तोच. मध्ये एकदाच तो थंड पडला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि नाका रिकामा झाला. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटू लागल्या तेव्हा मामूच्या खोल्यांतली बरीच माणसे गावी गेली, उधारीची वही मागे ठेवून. तो स्वतः गेला नाही. तवा घरी आणून त्याने तेल लावून कागदात गुंडाळून खाटेखाली ठेवला होता, गंजू नये म्हणून. नाका पुन्हा उघडला तेव्हा त्या वहीतल्या बऱ्याच माणसांनी परत येऊन पैसे दिले. सगळ्यांनी नाही. काही परतच आली नाहीत.

हल्ली गाडीवर त्याचा मुलगा असतो. आयटीआय झालेला, वेल्डर. रात्रपाळी करून येतो आणि साडेपाचला तवा मांडतो. अंडी तीस-तीसच्या ट्रेमध्ये येतात, त्यांचा दिवसाचा दर त्याला पहाटेच मोबाइलवर कळतो. दर चढला तरी प्लेटचा भाव तो लगेच वाढवत नाही, भुर्जीत कांदा वाढवतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ते पहिल्या घासालाच कळते, आणि कुणीतरी ओरडते, "काय रे, आज अंडं महागलं वाटतं?"